दारातून दिसणारी चांदणी

"मशीन खुशाल त्याच्या हवाली कर. कापडाला मात्र हात लावू देऊ नकोस."

मावशीने हे एकदा नाही, दोनदा बजावलं होतं. दुसऱ्यांदा तर तोंडात चार टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असताना माणूस उगाच बोलत नाही, एवढं तरी भाचीच्या लक्षात यायला हवं होतं. पण तिला वाटलं, मावशीचं आपलं नेहमीचंच. तेलकट हात, डाग पडतील, वगैरे. "हो गं, हो," ती म्हणाली, आणि या कानाने ऐकलेलं त्या कानाने सोडून दिलं.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मेकॅनिक तेव्हा स्कूटरच्या डिकीतून मशीनचा पट्टा आणायला खाली गेला होता. आणि मुळात तो वर आला होता तोच न बोलावता.

झालं होतं असं. खाली कुलूपवाल्याचं दुकान, वर मावशीचं शिवणाचं, आणि त्याच्या मागे राहायच्या दोन खोल्या. मेकॅनिक आला होता कुलूपवाल्याकडे, हत्यारांच्या पेटीची किल्ली करून घ्यायला. किल्ली घासून होईपर्यंत उभा राहिला, वरून येणारा मशीनचा आवाज ऐकला, कपाळाला आठी घातली आणि तडक जिना चढून आला. दारात उभा राहून म्हणाला,

"तुमचं मशीन दर सातव्या टाक्याला एक टाका सोडतंय."

भाची मान न उचलता म्हणाली, "आठव्या."

"सातव्या. आठवा तुम्ही रागाने मारता, म्हणून तो बसतो."

आता मात्र तिने मान वर केली. उंच, जरा वाकून उभा राहणारा, बाही कोपरापर्यंत सरकवलेली, आणि भुवईत एक जुनी खोक. दिसायला वाईट नव्हता. वाईट एवढंच होतं, की तो तिच्याकडे नाही, मशीनकडे बघत होता. तेही इतक्या काळजीने...

"तुम्हाला बोलावलं कुणी?"

"हिने." त्याने मशीनकडे बोट केलं. "केव्हाची हाका मारतेय."

तेवढ्यात मावशी आतून आली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, तू होय! दोन वर्षं कुठे उलथला होतास?"

"कपड्यांच्या कारखान्यात, मावशी." तिला सगळी पेठ मावशीच म्हणायची. "चारशे मशीनं एकदम चालायची. एकीचाही आवाज वेगळा म्हणून ऐकू येईना. सोडून आलो."

"बरं केलंस. हिला बघ जरा. मशीनला म्हणतेय मी. भाचीला बघायची गरज नाही, ती ठणठणीत आहे."

भाची खरोखरच ठणठणीत होती. मावशी तिला कात्री म्हणायची, कारण एकदा तोंड सुरू झालं की समोरच्याचे दोन तुकडे झाल्याशिवाय मिटायचं नाही. कॉलेज झाल्यावर घरच्यांनी तिच्यासाठी बँकेची परीक्षा योजून ठेवली होती, आणि तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं की आपण मावशीकडे जाऊन गोधड्या शिवणार. बाबांनी घास खाली ठेवला. मग बराच विचार करून म्हणाले, "एक वर्ष. वर्षभरात एखादं धड मोठं काम मिळालं तर राहा तिकडेच, मी चकार शब्द काढणार नाही. नाही तर परत यायचं." ते वर्ष दोन आठवड्यांनी, एका रविवारी संपत होतं. त्या रविवारी दादा टेम्पो घेऊन येणार होता. रिकामा परत जायचा की तिचं सामान भरून, एवढंच ठरायचं होतं.

मोठं काम अगदी तोंडाशी आलेलं होतं. टेकडीवर पाहुणेघर चालवणाऱ्या एका बाईंना चाळीस गोधड्या हव्या होत्या. अट अशी, की सगळ्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांच्या, दोन तुकडे एकसारखे नकोत, पण रंग दोनच. हिरवा आणि पांढरा. तिसरा आला की काम रद्द. आधी एक चौकोन नमुना म्हणून करून दाखवायचा.

नमुना कात्रीने मनातून आखलेला होता. हातभर चौकोन, त्यात नऊ घरं. मधलं घर हिरवं, कोपऱ्यांची चार पांढरी, आणि उरलेल्या चार घरांत अर्धा हिरवा, अर्धा पांढरा त्रिकोण. हे घर असं फिरवायचं, ते तसं, आणि मध्ये चार टोकांची चांदणी उमलते. साधीच. पण प्रत्येक हिरवा वेगळ्या कपड्यातला. कुणाचा शर्ट, कुणाचा पडदा, कुणाच्या पोरीचा झगा. पांढऱ्यांचंही तसंच. चार दिवस खपून तिने तो शिवला होता. मशीन दगा देत असतानाही शिवला होता, म्हणजे बघा.

मेकॅनिकने मशीन त्या दिवशीच ठीक केलं. दुसऱ्या दिवशी तो तेल मुरलं का ते बघायला आला. तिसऱ्या दिवशी पट्टा सैल पडला का ते बघायला.

"उद्या काय बघायला येणार?" तिने विचारलं.

"बघू. काहीतरी बिघडेलच."

"आमचं मशीन आता बिघडत नाही."

"मशीनचं कोण बोलतंय... जिन्याची तिसरी पायरी हलतेय."

त्याने तिसरी पायरी ठोकली. मग खिडकीची कडी. मावशीच्या इस्त्रीची मूठ. कात्री त्याला टोमणे मारायची आणि तो गेला की दुकान अचानक रुंद वाटायचं. एखाद्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं की बारीकसारीक गोष्टी दिसायला लागतात, तशा तिलाही दिसत होत्या. त्याच्या तांबड्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला सुतळीची गाठ होती, हिरव्या मुठीचा नुसता. दोऱ्याचं रीळ मागताना तो "बेचाळीस नंबरचं द्या" म्हणायचा, रंग कधी सांगायचा नाही. आणि मावशीने कापायला दिलेला टोमॅटो आधी दाबून बघायचा, जसा काही टोमॅटोवर त्याचा विश्वासच नाही. वेडाच आहे, ती स्वतःशी म्हणायची आणि त्याच स्वतःला विचारायची, मग हसतेस कशाला?

आठवडा झाला तेव्हा पाहुणेघरवाल्या बाई नमुना बघायला आल्या. मेकॅनिक तेव्हा टेबलाखाली होता, टेबलाचा पाय लुळा पडला म्हणे. बाईंनी चौकोन हातात घेतला, टाके पाहिले, उलटा केला, मान डोलावली. कात्रीचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी तो भिंतीला टाचायला लावला आणि स्वतः पार दारापर्यंत मागे गेल्या.

"जवळून सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "इथून मात्र नुसता हिरवा चिखल. माझे पाहुणे दार उघडून बिछाना बघतात, बाळ, भिंग लावून नाही. येत्या शनिवारी दहाला येते. दोनच रंगांत, दारातून चांदणी दिसली तर काम तुझं."

बाई गेल्या. कात्रीने भिंतीवरच्या टाचण्या काढायला घेतल्या. मग टेबलाखालून आवाज आला, "बाई खोटं नाही बोलल्या."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं." तो बाहेर आला, गुडघे झटकले आणि नमुन्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. "पण हे टोक आणि त्याच्या शेजारचा हा तुकडा... एकच तर आहेत."

"एक कसे असतील? हा पिस्ता आहे आणि तो राखाडी छापाचा पांढरा."

"असेल," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. "असेल."

कात्रीला राग आला. पण तासाभराने, तो गेल्यावर, ती स्वतः दारात जाऊन उभी राहिली, आणि राग निवळला. पिस्ता खरोखरच पांढऱ्यात विरघळला होता. हिरवा आहे की नाही एवढंच ती बघत बसली होती. किती गडद आहे, हे बघायचं राहून गेलं होतं.

तिने सगळं उसवलं. नवे तुकडे निवडले, मधलं घर नव्याने शिवलं, पांढरे कोपरे शिवले, नीट पांढरे. राहिली फक्त चार टोकं. आणि गुरुवारी दुपारी, टोकं कापायला घ्यायच्या आधी एका कडेवर टीप मारत असताना, मशीनची सुई तिच्या डाव्या तर्जनीतून आरपार गेली.

डॉक्टरांनी सुईचा तुकडा काढला, बोटाला चेंडूएवढं बँडेज बांधलं आणि सांगितलं, दोन दिवस शिवण बंद, उद्या दुपारी परत दाखवायला या.

शुक्रवारी दुपारी मावशी अस्तराचं कापड आणायला घाऊक बाजारात गेली होती. कात्री डॉक्टरांकडे निघाली तेव्हा मेकॅनिक जिन्यात भेटला. बोटाकडे बघून त्याचा चेहरा असा झाला, जसं काही त्याने दुरुस्त केलेलं मशीनच तिला चावलं होतं. तसं ते चावलंही होतं म्हणा.

"राहिलंय किती?" त्याने विचारलं.

"चार टोकं. तिरक्या कापडाची आहेत, हाताखाली ताणतात. नऊ बोटांनी नाही जमणार."

"मी शिवतो."

"तुम्ही?"

"मशीन दुरुस्त झालं की नाही हे कळायला ते चालवावं लागतं, बाईसाहेब. बारा वर्षं चालवतोय. सरळ रेघ माझ्याइतकी सरळ कुणी मारून दाखवावी."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. हात चांगले होते. मावशीचं बजावणं तिला आठवलं नाही, असं नाही, आठवलं. पण हात तर त्याने साबणाने धुतलेले दिसत होते, मग अडचण ती काय? "हिरव्यांचा ढीग टेबलावर आहे, शेजारी पांढरे. जेवढा गडद मिळेल तेवढा गडद घ्या. चारही वेगळे," असं सांगून ती गेली. आणि कधी नव्हे ती, परक्याच्या हाती काम सोपवून निर्धास्त गेली.

परत आली तेव्हा पाच वाजले होते. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन इस्त्रीच्या टेबलावर आलं होतं आणि त्या उन्हात चौकोन पसरलेला. टाके एकसारखे. टोकाला टोक असं भिडलेलं, की मधून केस जाणार नाही. तो खांद्यावर फडकं टाकून उभा होता, पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलासारखा.

"आता दारातून बघा," तो म्हणाला.

पण ती दारात गेलीच नाही. ती टेबलापाशीच थिजली होती. चारपैकी एक टोक गडद हिरवं होतं. बाकीची तीन... एक विटकरी, एक तपकिरी, एक वाळलेल्या रक्तासारखं तांबूस.

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा?"

"तिसरा रंग आला की काम रद्द! तुमच्या देखत सांगितलंय त्यांनी, तुम्ही टेबलाखाली होतात. उद्या सकाळी दहाला येणार आहेत त्या. परवा दादा टेम्पो घेऊन उभा राहील दारात. आणि तुम्ही... लहान मुलालासुद्धा कळतं हो एवढं!"

त्याने चौकोनाकडे पाहिलं. एका टोकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. जमिनीवर पडलेली सुई शोधावी तसं. मग हळूच विचारलं,

"कुठला?"

"कुठला म्हणे!"

त्याने मशीनवर झाकण घातलं. फडकं घडी करून ठेवलं, पेटी उचलली आणि निघून गेला. तो उतरतोय आणि मावशी चढतेय. जिन्यात दोघांची गाठ पडली असणार, कारण मावशी आली तीच बिथरून.

"काय बोललीस त्याला?"

"मला काय विचारतेस? हे बघ काय करून ठेवलंय!"

मावशीने बघितलं आणि गठ्ठा खाली ठेवून खुर्चीत बसली. "सांगितलं होतं ना मी? कापडाला हात लावू देऊ नकोस म्हणून?"

"का देऊ नको, ते कुठे सांगितलंस?"

"ते सांगणं माझ्याकडे नाही. ज्याचं त्याने सांगायचं." आणि मावशीने तोंड असं मिटलं, की टाचण्या नसतानाही टाचण्या दिसाव्यात.

कात्री तावातावाने दारापर्यंत गेली, खाली डोकावून दोन शब्द ऐकवावेत म्हणून. मग वळली... आणि तिथेच राहिली.

दारातून चांदणी दिसत होती. दिसत होती कसली, झेप घेत होती. डोळे अर्धे मिटून पाहिलं तर रंग मावळले आणि उरला नुसता गडद आणि उजळ. आणि त्यात चारही टोकं सारखी गडद, एक सूतभरही कमीजास्त नाही. तिच्या चार दिवसांच्या मेहनतीला जे जमलं नव्हतं ते त्याने दुपारभरात करून ठेवलं होतं. तीन चुकीच्या रंगांत.

सुतळीची गाठ. बेचाळीस नंबर. टोमॅटो. "असेल." ...कुठला?

"अगं बाई," कात्री म्हणाली, आणि चप्पल न घालता जिना उतरली.

तो अजून खालीच होता. शहरभरची मशीनं ज्याच्या हाताला येतात त्याला स्वतःची स्कूटर मात्र दाद देत नव्हती. त्याने पाचवी की सहावी किक मारली.

"तुम्हाला हिरवा दिसत नाही," ती म्हणाली.

किक हवेतच राहिली. कुलूपवाल्याने कानस थांबवली, आणि मग शहाण्या माणसासारखी पुन्हा सुरू केली.

"दिसतो की," मेकॅनिक म्हणाला. "म्हणजे काहीतरी दिसतं. पण तुम्ही ज्याला हिरवा म्हणता आणि ज्याला विटकरी म्हणता, ते माझ्याकडे सख्खे भाऊ आहेत. वेगळे ओळखू येत नाहीत."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? मला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लहानपणापासून. वयाच्या अठराव्या वर्षी तिथल्या डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. ठिपक्यांत आकडा असतो म्हणे. मला ठिपकेच दिसले. घरी सांगितलं, उंची कमी पडली." तो हसला. सहा फुटांचा माणूस. "तुमच्या मावशीला ठाऊक आहे, कारण तिने हिरवा दोरा आणायला पाठवलं, मी तांबडा आणला आणि तिने चष्म्याशिवाय अख्खा झगा त्याच दोऱ्याने शिवला. तेव्हापासून दोऱ्याचे नंबर पाठ केलेत."

"आणि तरी शिवायला बसलात? माहीत असून?"

"तुम्ही ढीग लावून गेला होतात. म्हटलं, ढिगातलेच घ्यायचेत, चुकायचं काय त्यात? पण ढिगात पुरेसा गडद एकच निघाला. बाकी सगळे विटलेले. मग टेबलाशेजारच्या चिंध्यांच्या पोत्यात हात घातला. वाटलं, हिरव्यांच्या शेजारी आहे म्हणजे हिरवेच असतील..." त्याने हँडलवरचं नसलेलं तेल पुसलं. "रविवारी तुम्ही जायला नको होतात. मला. म्हणून घाई केली."

कात्रीने अनवाणी पायाने कुलूपवाल्याच्या दारातला लोखंडाचा कीस बाजूला सारला.  

"लहान मुलालाही कळतं म्हणाले, ते मागे घेते."

"घ्या."

"घेतलं. आता वर चला."

"कापडाला हात लावायला?"

"हात मी लावीन, नऊ बोटं आहेत अजून चालू. तुम्ही गडद कुठला तेवढं सांगा. ते मला येत नाही."

वर मावशी टीप घालत बसली होती, खाली काय झालं हे कळायचं तिला काही कारण नाही असा चेहरा करून. कात्रीने हिरव्यांचा ढीग टेबलावर पसरला आणि एकेक तुकडा त्याच्यासमोर धरायला सुरुवात केली.

"हा?"

"उजळ."

"हा?"

"त्याहून उजळ."

"आणि हा? खास बाटलीचा हिरवा आहे, बरं का."

"बाटली धुऊन धुऊन फिकी झालीय."

सगळा ढीग संपला. एकही पुरेसा गडद नाही. जुन्या कपड्यांचं हेच असतं, ऊन त्यांना पिऊन टाकतं. कात्री तुकड्यांकडे बघत बसली, मग तिने एका जुन्या झग्याचा घेर उचलला आणि खालची दुमड उलटी केली. थांबली. दुमडीच्या आत, जिथे इतकी वर्षं ऊन पोचलंच नव्हतं, तिथे कापड पहिल्या दिवसाइतकं हिरवं होतं.

"हा?" तिने नख दुमडीत घालून विचारलं. आवाज का कुणास ठाऊक, लहान झाला.

तो वाकला. तिच्या खांद्यावरून, अगदी जवळ. मशीनच्या तेलाचा आणि साबणाचा वास. "हा... हा आहे. कुठे लपवला होतात?"

"'तुम्ही' म्हणायचं सोडा आता. कापडाला इतक्या जवळून बघणाऱ्या माणसाला मी अहोजाहो करणार नाही."

"मग काय म्हणायचं?"

"तू उसव, मी धरते. असं."

मावशीची टीप एकदम वाकडी गेली असावी, कारण तिने दोरा दातांनी तोडला आणि पुन्हा सुरुवात केली.

त्याने ब्लेडने दुमडी उसवल्या. झग्याची, पडद्याची, एका शर्टाच्या बाहीची. तिने तीन त्रिकोण आखले, त्याने कापले. चुकीची तीन टोकं अलगद सोडवली, नवी जोडली. ती शेजारी बसून नुसती सांगत होती, "सावकाश, तिरकं आहे, ओढू नकोस... बस." बँडेजचा चेंडू त्याच्या कोपराला दोनदा लागला. दोनदाच लागायला हवा होता असं नाही, पण मावशी समोर होती. दिवे लागायच्या सुमारास चौकोन इस्त्री होऊन भिंतीवर लागला.

शनिवारी दहाच्या ठोक्याला बाई आल्या. आत पाऊल टाकायच्या आधीच दारात थांबल्या, आणि थांबूनच राहिल्या. कात्री ताठ उभी होती. भीती वाटत नव्हती असं नाही, पण काम चांगलं झालंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हं," बाई म्हणाल्या. मग जवळ आल्या, एकेक टोक बोटाने चाचपलं. "हिरवे आहेत सगळे. चारही निराळे. आणि दारातून..." त्यांनी चष्मा काढला. "निवडलेत कुणी हे?"

"दोघांनी," कात्री म्हणाली. "रंग मी बघते. गडद-उजळ हा बघतो."

"मग चाळीसही दोघांनीच निवडा. एकट्याने केलेली गोधडी मी घेणार नाही, आधीच सांगून ठेवते."

बाई गेल्यावर मावशी अचानक फार कामात असल्यासारखी आत गेली. मेकॅनिक नमुन्याकडे बघत उभा होता. कात्री त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे नमुना दिसेनासा झाला.

"उद्या दादा येतोय," ती म्हणाली.

"टेम्पो रिकामा जाणार मग."

"रिकामा जाणार. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला काहीतरी दाखवायला हवं ना... वर्षभरात काय केलं म्हणून."

"चौकोन दाखव की."

"चौकोन दाखवीनच." कात्रीने एक श्वास घेतला. "तूही ये. नऊला. स्वच्छ शर्ट घालून."

त्याने आपल्या बाहीकडे पाहिलं. "कुठल्या रंगाचा घालू?"

"तो तुला कळणार आहे का? जो असेल तो घाल. मला तू सगळ्या रंगांत चालतोस."

आणि मग, भुवईत खोक असलेला, सहा फुटांचा तो माणूस असा हसला, की आतून मावशीला नाक शिंकरण्याचा आवाज काढावा लागला.

दादाने चौकोन पाहिला, मेकॅनिक पाहिला, बाबांना फोन लावला आणि म्हणाला, "दोन्ही बरे वाटतायत." चाळीस गोधड्या नऊ महिन्यांत झाल्या. विसाव्या गोधडीच्या सुमारास त्यांचं लग्न झालं. आता टेकडीवरच्या बाईंनी पाहुणेघराची मागची जागा दोघांना कारखान्याला दिली आहे. सहा मशीनं आहेत, प्रत्येकीचा आवाज मेकॅनिकला वेगळा ओळखू येतो. राहायलाही तिथेच. मावशीला पुष्कळ आग्रह केला. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? माझी गिऱ्हाइकं इथे आहेत."

दर आठवड्याला दोघं तिला भेटायला उतरतात. पण आठवड्याला सात दिवस असतात. तेव्हा तुमचं जर त्या बाजूला काही काम निघालं, कुलूपवाल्याच्या दुकानावरून जाणं झालं, तर एक कराल का? वर जा. एखादं बटण सुटलेलं असेल तर बरंच, नसेल तर जिन्यातच तोडा. ती म्हणेल, मी मजेत आहे. त्यावर जाऊ नका. पाणी प्यायच्या निमित्ताने आत जा आणि ओट्यावर बघा. एकच कप धुऊन पालथा घातलेला दिसला, तर सरळ चहा मागा. उशीर होत असला तरी बसा, आणि तिला दुसरा कप काढायला लावा.